ज्या सिनेमांत काम दिसतं, ते माझे

आवडता सिनेमा कोणता, हे ठरवायची प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. कुणी गाण्यांवर जातं, कुणी नटावर, कुणी शेवटावर. माझी फूटपट्टी अशी की पडद्यावरचा माणूस हातानं जे काम करतोय, ते त्याला खरंच येतंय असं वाटलं पाहिजे. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला ही पारख शिकवावी लागत नाही. धारूर, वडवणी, केजकडच्या घराघरात कोयता आहे. नटानं ऊस बुडाशी धरून तोडला की मधूनच, पाचट कसं काढलं, मोळी कशी आवळली, एवढ्यावर इथला माणूस ओळखतो की हा फडात कधी गेलाय की नाही. भरलेला हंडा डोक्यावर असला की मान ताठ राहते आणि चाल आखडते. रिकामा हंडा मिरवत दुष्काळ दाखवणारी नटी इथं पहिल्याच दृश्यात उघडी पडते.

या कसोटीवर पहिला नंबर 'फँड्री'चा (२०१३, दिग्दर्शक नागराज मंजुळे). डुक्कर पकडण्याचा शेवटचा लांबलचक प्रसंग मराठी सिनेमातलं कामाचं सर्वात अचूक चित्रण आहे, असं माझं ठाम मत आहे. आधी त्या कामाची रचना बघा. डुक्कर एकट्या माणसाला सापडत नाही. वाटा अडवायला माणसं लागतात, म्हणून आई, बहिणी, म्हातारा असं सगळं घर राबतं. एका जागी माणूस कमी पडला की तिथूनच जनावर निसटतं. घरातला शाळकरी पोरगा जब्या नेमका तिथंच दडून बसतो, कारण शाळा समोर आहे आणि त्याला आवडणारी शालू बघतेय. त्याच्या लाजेमुळे कामात जे भगदाड पडतं त्यातून डुक्कर सुटतं, आणि बापाचा, कचरूचा (किशोर कदम) संताप त्यातूनच येतो. बापलेकाचं नातं संवादात सांगत बसायची गरजच उरत नाही. पळापळ ऐन रंगात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निवांत निघून जातं. त्या काही सेकंदांत पार्श्वसंगीताची ढवळाढवळ नाही. बाजूला गावकरी तमाशा बघत बसलेत, पोरं मोबाइल काढून उभी आहेत. पुढे बांबूला बांधलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू, गाडगेबाबांची चित्रं येतात. कॅमेरा त्यांच्यावर रेंगाळत नाही, तो ओझ्याबरोबर चालत राहतो.

जब्या झालेला सोमनाथ अवघडे मूळचा हलगी वाजवणारा पोरगा आहे. म्हणूनच जत्रेत त्याचं अंग हलगीवर आपसूक धरतं, ते शिकवलेलं नाही. त्याच जत्रेत त्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते तेव्हा पोराचा चेहरा बघा, आणि बत्ती तोलताना मान कशी खाली जाऊ शकत नाही तेही बघा. लाजेनं मान खाली घालायची सोयसुद्धा त्या कामानं ठेवलेली नाही.

शेवटी जब्यानं मारलेला दगड कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेनं येतो. त्याआधी चाळीस वर्षं एक दगड 'अंकुर'मध्ये फेकला गेला होता. श्याम बेनेगल यांचा हा सिनेमा १९७४ चा, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं. तो तेलंगणात घडतो, पण निजामाच्या राज्यात सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिलेल्या आपल्या भागाला तो वाडा, ती पटवारकी आणि ती बोली परकी वाटत नाही. शबाना आझमी आणि अनंत नाग यांच्या तोंडची दखनी ढंगाची हिंदी नांदेड, देगलूर, उदगीरच्या बाजारात आजही कानावर पडते. मुंबईकर प्रेक्षकाला ती मजेशीर वाटते, इथल्याला ती शेजाऱ्याची वाटते आणि त्यामुळे सिनेमा जास्त लागतो. मुका-बहिरा किष्टय्या (साधू मेहेर) कुंभार आहे. ॲल्युमिनियमची भांडी आली, मडक्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही आणि तो दारूला लागला. त्याच्या बायकोला, लक्ष्मीला (शबाना आझमी) जमीनदाराच्या घरी राबावं लागतं त्याचं मूळ तिथं आहे. बेनेगल हे कारण एका वाक्यात उरकतात, पण पुढची चोरी, धिंड आणि मारहाण या सगळ्याचं बीज तेवढंच आहे. कुणी हा सिनेमा 'जमीनदाराच्या वासनेची गोष्ट' म्हणून सांगितला, तर त्यानं तो अर्धाच पाहिला असं मी म्हणेन.

'कोर्ट' (२०१४, चैतन्य ताम्हाणे) अनेकांना पहिल्या अर्ध्या तासात कंटाळवाणा वाटतो. कॅमेरा जागचा हलत नाही, दृश्यं लवकर तुटत नाहीत आणि माणसं भराभर बोलून मोकळी होत नाहीत. मला मात्र हाच या सिनेमाचा कणा वाटतो. तालुक्याच्या कोर्टात एखादी सकाळ बसून काढली असेल तर पटेल: न्यायाधीश साक्षीदाराचं उत्तर ऐकतात आणि आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, आणि या दोन वाक्यांत जे हरवतं तेच पुढे निकालात हरवलेलं असतं. सिनेमात ही प्रक्रिया न कापता दाखवली आहे. खटला काय, तर लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि नवरा कसा काम करायचा ते साध्या आवाजात सांगते: उतरण्याआधी खडा टाकून बघायचा, झुरळं दिसतात का बघायचा, वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा, गॅसनं एक डोळा गेला. गटारात हवा आहे की नाही हे ओळखायचं त्याच्याकडचं यंत्र म्हणजे झुरळ. एवढ्यानं अख्ख्या खटल्यातली हवा निघून जाते. नंतर कांबळेंचा वकील तिला पैसे देऊ करतो, तेव्हा ती पैशांऐवजी काम असेल तर सांगा म्हणते. हा प्रसंग चुकवू नका, तो फार हळू आवाजात येऊन जातो.

सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करते. कोर्टात कांबळेंना वीस वर्षं आत टाका म्हणणारी बाई घरी चारचौघींसारखीच राबते. दिग्दर्शक तिला खलनायिका करत नाही, आणि त्यानंच जास्त भीती वाटते.

आता जरा लांब जाऊ. अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराय' (१९५४) लढाईचा सिनेमा म्हणून ओळखला जातो. माझ्या लेखी तो शेतीच्या नियोजनाचा सिनेमा आहे. दरोडेखोर पीक काढणीला येण्याची वाट बघताहेत, म्हणजे सगळी घड्याळं पिकावर लागलेली. गावकऱ्यांकडे मजुरी द्यायला पैसे नाहीत, म्हणून ते राखणीला आणलेल्या सामुरायांना, म्हणजे जपानी लढवय्यांना, पांढरा भात घालतात आणि स्वतः हलकं धान्य खातात. राखण करायला आलेल्यांना ही गोष्ट कळते तेव्हा भाताचा वाडगा हातात धरून त्यांचं जे होतं, ते बघण्यासारखं आहे. म्होरक्या कांबेई गावाची पाहणी करतो: एका अंगाला कुंपण, एका अंगाला शेतात पाणी सोडून दलदल, पूल काढून टाकायचा, आणि एक वाट मुद्दाम उघडी ठेवायची. उघडी का, तर शत्रू आत आलाच पाहिजे, पण एकेक करून. पुलापलीकडची घरं सोडून द्यावी लागतात आणि तिथले लोक चिडून भाले टाकून निघतात तेव्हा कांबेई तलवार उपसून त्यांना परत आणतो. धरणाखाली गेलेल्या गावांच्या या मुलखात 'सगळ्यांसाठी थोड्यांनी सोडायचं' हा वाद समजावून सांगावा लागत नाही. जायकवाडीच्या काठची माणसं तो प्रसंग वेगळ्याच नजरेनं बघतील.

दरोडेखोरांचा हिशोब कागदावर गोल काढून ठेवलेला असतो आणि एकेक मेला की एकेक गोल खोडला जातो. सिनेमा साडेतीन तासांच्या जवळ जातो, तरी प्रेक्षक हरवत नाही, याचं अर्धं श्रेय त्या कागदाला आहे. किती उरले हे आपल्याला कायम माहीत असतं. शेवटची पावसातली लढाई एकापेक्षा जास्त कॅमेरे आणि लांब पल्ल्याची भिंगं लावून टिपलेली आहे. त्यामुळे चिखल, घोडे आणि माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. मरणारे चारही सामुराय बंदुकीच्या गोळीनं मरतात. तलवारीनं त्यांच्यातला एकही जात नाही.

'बायसिकल थीव्ज' (१९४८, व्हित्तोरिओ दे सिका) ८९ मिनिटांचा आहे आणि त्यात एकही मिनिट फुकट नाही. भिंतीवर पोस्टर डकवायचं काम मिळतं, पण सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलेली, म्हणून बायको पलंगावरच्या चादरी काढून गहाण टाकायला देते. दुकानातला माणूस ते गाठोडं ठेवायला मांडणीवर चढत जातो आणि छतापर्यंत गाठोडीच गाठोडी दिसतात. अख्ख्या शहराची गरिबी दाखवायला एवढं एक दृश्य पुरलं. नायकाचं काम करणारा लांबेर्तो माजोरानी कारखान्यातला कामगार होता.

'टिंग्या' (२००८, मंगेश हाडवळे) याच घरातला. बटाट्याचा हंगाम, बैल जायबंदी, नवा घ्यायला पैसा नाही आणि जुना खाटकाला दिल्याशिवाय पैसा येत नाही. पोराचा हट्ट आणि बापाचा हिशोब दोन्ही बरोबर आहेत, म्हणून बघवत नाही. शरद गोयेकरला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्य माणसाला मिळाला.

जुन्यांपैकी 'संत तुकाराम' (१९३६). यातले चमत्कार आज साधे वाटतील, विमानही साधंच आहे. पण जिजाई मात्र आजही जशीच्या तशी खरी. पोर आजारी, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात, तेव्हा ती वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. ही भूमिका करणाऱ्या गौरी प्रशिक्षित नटी नव्हत्या, प्रभातमध्येच साध्या कामांतून पुढे आलेल्या. त्यांच्या हालचालीत चूल, म्हैस, पोरं सगळं आहे. विष्णुपंत पागनीस तुकाराम म्हणून गाजले ते रास्तच, पण सिनेमा जमिनीवर ठेवला तो जिजाईनं. दिग्दर्शकांपैकी दामलेमामा (विष्णुपंत दामले) ध्वनीचे जाणकार, आणि ते कानाला कळतं. आणखी एक सांगायचं तर 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग समजून कीर्तनात गायला जातो. तो शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे.

'सामना' जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकरांचा. त्याबद्दल एवढंच म्हणेन की निळू फुले त्यात आवाज चढवत नाहीत, ते शिकण्यासारखं आहे. साखर कारखान्याच्या जिवावर उभा राहिलेला हिंदुराव पाहुण्याला खाऊपिऊ घालतो, आणि दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू मारुती कांबळेचं काय झालं ते विचारायचं सोडत नाही.

आपल्या भागाचे म्हणावेत असे दोन. पहिला 'आक्रीत' (१९८१), अमोल पालेकरांचं दिग्दर्शनातलं पदार्पण, पटकथा तेंडुलकरांची, आधार परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या हत्याकांडाचा. प्रमुख भूमिकांत स्वतः पालेकर आणि चित्रा पालेकर. मांत्रिक आणि अघोरी प्रकारांवर सगळं ढकलून मोकळं न होता पैसा, वचक आणि हाव यांची साखळी तो दाखवतो. लहान मुलांबरोबर बघू नका.

दुसरा 'पाणी' (आदिनाथ कोठारे, चित्रपटगृहांत २०२४ ला, पण राष्ट्रीय पुरस्कार २०१९ चा, पर्यावरण विभागातला). नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची आणि हनुमंत केंद्रे यांची ही गोष्ट. पाणी नाही म्हणून गावात मुलगी द्यायला कुणी तयार नाही, इथून सुरुवात होते आणि ती शंभर टक्के खरी आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या मुलखाला हा सिनेमा फार आधी मिळायला हवा होता. माझी एकच तक्रार आहे, ती प्रेमापोटी. सिनेमातल्या गावासारखं पाणलोटाचं, म्हणजे पाणी अडवून जिरवायचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात. आधी डोंगरावर समतल चर, साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, मग ओघळींत दगडी बांध, आणि शेवटी नाल्यावर मोठा बांध. उलटं केलं तर पहिल्याच पावसात वरची माती येऊन खालचा बांध गाळानं भरतो. चराची रेघ ए-फ्रेमनं (इंग्रजी 'ए'च्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) किंवा पाण्याच्या नळीनं समपातळीत आखावी लागते. ती तिरकी गेली तर पाणी चरात थांबण्याऐवजी एका टोकाला धावतं आणि तिथं चर फुटतो. या आखणीला पडद्यावर आणखी वेळ मिळाला असता, तर श्रमदान करणाऱ्या गावांना सिनेमा हत्यारासारखा वापरता आला असता. तरीही यादीत तो राहणारच.

आता हे बघायचे कसे, कारण चांगला सिनेमा वाईट प्रतीवर बघून नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. 'संत तुकाराम', 'बायसिकल थीव्ज', 'सेव्हन सामुराय' हे जवळजवळ चौकोनी चौकटीचे सिनेमे. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. रिमोटवर 'वाइड' किंवा 'झूम' करून पट्ट्या घालवल्या की एकतर चेहरे रुंद होतात, नाहीतर डोकी आणि पाय कापले जातात. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसडतो आणि 'फँड्री'तली धावपळ मालिकेसारखी दिसायला लागते. 'सेव्हन सामुराय'ची पूर्ण लांबी २०७ मिनिटं. २५ चित्रांच्या वेगानं चालणारी प्रत १९९ च्या आसपास भरते, ती चालेल. १६० मिनिटांच्या आसपासची असेल तर कापलेली आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. इंटरनेटवर फुकट टाकलेल्या प्रतींत पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसली किंवा आवाज चिरका लागला, तर ती पकडली जाऊ नये म्हणून बिघडवलेली प्रत आहे.

गावात, वाचनालयात किंवा शाळेच्या अंगणात दाखवणार असाल तर आधी निर्माता किंवा वितरकाची परवानगी घ्या. आठ फूट रुंदीच्या पडद्याला अंधारात ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर भागतो, पण आकडा एएनएसआय ल्युमेनचा, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीनं मोजलेल्या उजेडाचा असला पाहिजे. खोक्यावर नुसते '९००० ल्युमेन' छापलेले स्वस्त प्रोजेक्टर प्रत्यक्षात फार मंद निघतात. दीड थ्रोचा (म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा) प्रोजेक्टर आठ फुटांच्या पडद्यापासून बारा फुटांवर ठेवावा लागतो, म्हणजे तो प्रेक्षकांतच येतो. वायर लोकांच्या पायात येणार नाही अशी टाका. पडदा म्हणून लावलेल्या पातळ चादरीतून उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. फ्लेक्सची मागची पांढरी बाजू चालते, पण ती चकचकीत असेल तर मध्यभागी उजेडाचा गोळा दिसतो. पडदा चारी बाजूंनी बांधा, वाऱ्यानं फुगला की चित्राची फोकस जाते. स्पीकर पडद्याच्या दोन्ही अंगांना ठेवा. लोकांच्या मागे ठेवले की 'कोर्ट'मधली साक्ष मागून ऐकू येते आणि मन उडतं. मे महिन्यात आपल्याकडे पावणेआठच्या आधी पडदा नीट दिसत नाही.

वीज जाणार हे धरूनच चला. ३०० वॅटचा प्रोजेक्टर आणि १०० वॅटचा आवाज असा भार १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एका बॅटरीवर अडीच तासांच्या आसपास चालतो. 'कोर्ट' आणि 'फँड्री' त्यात बसतात, 'सेव्हन सामुराय' बसत नाही. इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस'वर ठेवा. दुसऱ्या बाजूला असेल तर वीज जाऊन बॅटरी लागायला एवढा वेळ जातो की प्रोजेक्टर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दिव्याच्या प्रोजेक्टरला पंखा न फिरता असं अचानक बंद पडणं फार महागात पडतं.

पेनड्राइव्ह लावणार असाल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर जात नाही, तो एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर बहुतेकदा फाइलमधला आवाज डीटीएस प्रकारचा असतो आणि टीव्ही तो उचलत नाही. उपशीर्षकाच्या एसआरटी फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच हवं. मराठी उपशीर्षकं असतील तर ती यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं येतात. अक्षरांना काळी कड किंवा पिवळा रंग द्या, कारण कृष्णधवल सिनेमात करड्या आकाशावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत.

पहिल्यांदाच दाखवत असाल तर 'टिंग्या'नं सुरुवात करा, दुसऱ्या आठवड्यात 'फँड्री', आणि 'कोर्ट' त्यानंतर, बंद खोलीत. 'सेव्हन सामुराय'ला मध्यंतर सिनेमातच दिलेलं आहे. त्या पाटीवर थांबवा, चहा द्या, तोवर बॅटरी बदला आणि मग पुढचा भाग लावा.